अलागचा रुसवा

नोरज्माला जनावराचं मन कळतं, असं अख्खं खोरं म्हणायचं. कळपापुढे कोणती बकरी चालवायची, हे तीच ठरवायची. मेंढ्या काय, बकरीच्या शेपटीमागे कुठेही जातात.

त्या दिवशी आभाळ मळकट पिवळं झालं होतं. दुपारपर्यंत वादळ येणार, आणि तीनशे मेंढ्या, त्यातल्या निम्म्या गाभण, गोठलेल्या नदीच्या अलीकडे. आडोशाचं वाडगं पलीकडे. खूर घसरू नयेत म्हणून जावई त्सोगूने बर्फावर राखेचा सरळ पट्टा टाकला आणि अलागला पुढे सोडलं. अलाग म्हणजे ठिपक्यांची, महाआगाऊ, कशालाच न भिणारी बकरी.

ती काठावरच अडली.

"बर्फ कच्चा आहे, आई," त्सोगू म्हणाला. "अलाग अडली म्हणजे विषय संपला. पुलावरून जाऊ."

पूल दीड दिवसावर होता. वाटेत निम्मा कळप मेला असता.

नोरज्माने हातातल्या काठीकडे पाहिलं. सकाळी अलागने तंबूवरचा नमदा, लोकरीचं जाड आच्छादन, कुरतडला, तेव्हा तिने रागाच्या भरात तिच्या डोक्यात काठी घातली होती. डोक्यात! त्या मुलखात हे पाप. मार खाल्लेलं जनावर सावलीलाही भितं. मग हे अडणं बर्फामुळे की काठीमुळे?

"सकाळी मारलंय मी तिला," ती कशीबशी म्हणाली. "डोक्यात."

"तुम्ही? आणि मला वर्षभर अक्कल शिकवताय!"

"बोल, पोटभर बोल. आधी मीठ दे."

ती बर्फात गुडघ्यांवर बसली. अलागने तोंड फिरवलं. नोरज्मा तिच्या शिंगांच्या मुळाशी खाजवत राहिली. "चुकले गं बाई."

वारा वाढला. मेंढ्या चुळबुळू लागल्या.

"आई, आवरा!"

"घाई केली तर पुन्हा बिथरेल."

शेवटी अलागने मीठ चाटलं, शेपटी उभारली आणि टुणकन बर्फावर उतरली. मध्यावर जाऊन पुन्हा थांबली.

"परत रुसली!" त्सोगूने चाबूक उचलला.

नोरज्माने त्याचं मनगट धरलं. "शेपटी बघ. उभी आहे, म्हणजे रुसवा गेला. आता थांबली ती बर्फामुळेच."

अलागने खाली हुंगलं, राखेचा पट्टा सोडला आणि डावीकडून लांब वळसा घेत पलीकडे गेली. मागोमाग कळप.

शेवटची मेंढी काठाला लागल्यावर त्सोगूने त्या पट्ट्यावर दगड भिरकावला. दगड सरळ आत गेला. काळं पाणी वर आलं.

 नोरज्माने हातातली काठी त्याच पाण्यात फेकली.

"त्सोगू," ती म्हणाली, "तंबूला दुसरा नमदा बघ. तो उरलेला तिला खाऊ दे."