बॅनरवरचा पाहुणा

शेठनी माझी हनुवटी धरली. बैल घेताना दात बघायला धरतात तशी. तोंड डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. मग वर लावलेल्या बॅनरकडे बघितलं, परत माझ्याकडे.

"चालंल," ते म्हणाले. "काला तो काला. लांबशी कोन बगतंय."

तंबूत आमचा अख्खा संघ होता. सगळे हसले. कुणीतरी नऊ नंबरचा शर्ट माझ्या अंगावर फेकला. पाठीवर इंग्रजीत नाव होतं, एल्विन. ते माझं नाव नव्हतं. बॅनरवर ज्याचा फोटो होता त्याचं होतं.

"आनि तोंड उघडायचं न्हाय," शेठ म्हणाले. "मराठी बोललास की खेल खलास."

मी शर्ट घातला. हे आधीच सांगून टाकतो. मी शर्ट घातला.

पेणच्या बाजूला भात कापून झालेल्या रानावर रोलर फिरवून मैदान केलं होतं. तीन दिवसांच्या फुटबॉलच्या स्पर्धा. आमचा संघ अलिबागच्या बाजूचा, शेठचा. रस्त्यापासून मैदानापर्यंत बॅनर लावलेले, 'वेस्ट इंडिजचा आंतरराष्ट्रीय स्ट्रायकर'. आणि तो स्ट्रायकर वर्षापूर्वीच देश सोडून गेला होता.

मी मुरूडचा. सिद्दी. चारशे-पाचशे वर्षं आम्ही या किनाऱ्यावर आहोत. माझी अम्मा बाजारात सुकी मासळी विकते, अब्बा होडीवर जायचे. पण केस कुरळे आणि रंग असा, की आपल्याच जिल्ह्यात माणसं पहिल्या वाक्याला विचारतात, कुठला रे तू? शाळेत इतिहासाच्या तासाला जंजिऱ्याचा धडा आला की वर्ग वळून माझ्याकडे बघायचा. जणू किल्ला मीच दाबून बसलो होतो. घरात पावसात चार ठिकाणी पातेली लावत होतो आम्ही, आणि मुलं मला नवाब म्हणायची.

फुटबॉल मी वाळूवर शिकलो. शेठनी मला विसाव्या वर्षी संघात घेतलं, ते बहुतेक वेळा बाकावर बसवायलाच. आणि त्याच्या पुढच्या वर्षी एल्विनला आणलं.

एल्विन पस्तिशीचा होता. सेंट व्हिन्सेंट नावाच्या बेटावरचा. वेस्ट इंडिज नावाचा देशच नाही, हे त्याने मला पहिल्या दिवशी सांगितलं. क्रिकेटसाठी ती बेटं एकत्र येतात, फुटबॉलमध्ये जो तो आपला आपला. हे मी शेठना सांगितलं तर ते म्हणाले, लोकांना बेटं कळत नाहीत. झालं, तो वेस्ट इंडिज झाला. आमच्याकडे वेस्ट इंडिज म्हटलं की क्रिकेट. सामना संपला की कुणीतरी त्याच्या हातात टेनिसचा बॉल ठेवायचं आणि म्हणायचं, टाक एक फास्ट. त्याला बॉल टाकता यायचा नाही. लोक नाराज होऊन घरी जायचे.

शेठनी मला त्याच्या दिमतीला ठेवलं. "तुजा भाऊस आलाय," असं म्हणाले. थळमध्ये त्याला एक खोली दिली होती. संध्याकाळी मी धक्क्यावरून मासळीचा बर्फ गोणपाटात बांधून आणायचो. तो दोन्ही गुडघ्यांवर घेऊन बसायचा आणि बोलायचा. कोलकात्याचं मोडकं हिंदी आणि इंग्रजी. माझं इंग्रजी बारावीपर्यंतचं. पण कळायचं.

बाप केळीच्या बागेत कामाला. पोरगा काळ्या वाळूवर अनवाणी खेळला. एकोणिसाव्या वर्षी त्रिनिदाद. मग युरोपात एका बर्फाळ देशात, मग व्हिएतनाम, ढाका, कोलकाता, गोवा. दर ठिकाणी एक-दोन हंगाम. दर ठिकाणी गोल केले. दर ठिकाणी लोकांनी त्याला नवीन नाव दिलं, कारण खरं नाव विचारायला कुणाला फुरसत नव्हती. त्या बर्फाळ देशात मैदानात कुणीतरी त्याच्यावर केळं फेकलं. मी विचारलं, मग तू काय केलंस? म्हणाला, उचलून बघितलं. कच्चं होतं. माझ्या बापाने असलं केळं बाजारात पाठवलं नसतं.

तो हसला म्हणून मीही हसलो.

माझं काम भाषांतराचं. शेठ आणि त्यांचे पाहुणे त्याच्यासमोर वाटेल ते बोलायचे. अंधारात सापडेल का हा? अंघोळ करतो का? ह्याला जेवायला काय घालता? एल्विन माझ्याकडे बघायचा. मी सांगायचो, तुझ्या खेळाचं कौतुक चाललंय. आणि पाहुणे हसत असायचे तेव्हा मीही हसायचो. ही माझी चोरी आहे. शेठची नाही, माझी. मला वाटायचं, आता यांना हसायला दुसरा मिळालाय. आता मी यांच्यातला. त्या एका हंगामात मला कुणी नवाब म्हटलं नाही, आणि मला ते बरं वाटत होतं.

हंगामाच्या शेवटी एल्विनचा गुडघा गेला. मैदानातच पडला. शेठनी डॉक्टर बोलावला नाही, तिकीट काढलं. मांडव्याच्या जेट्टीवर त्याची बॅग घेऊन मी गेलो. तो लंगडत होता. बोट लागायला वेळ होता. तो म्हणाला, "मला तुमची भाषा येत नाही. पण तू भाषांतर करायच्या आधी दर वेळी थोडा थांबायचास. त्या थांबण्यात मला सगळं ऐकू यायचं."

मी मान खाली घातली. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. बॅग घेतली आणि गेला. बरं केलं.

तरी वर्षभराने मी त्याचा शर्ट घातलाच. मला खेळायचं होतं. बाकावर दोन वर्षं बसलेल्या माणसाला कुणी म्हणालं, उद्या नऊ नंबरला खेळ, तर तो काय विचार करतो? मी केला नाही.

प्रत्येक सामन्याआधी टेबलावर संघाचा कागद असायचा. नाव, वडिलांचं नाव, गाव, पुढे सही. नवव्या ओळीत एल्विनचं नाव छापलेलं. मी इंग्रजीत काहीतरी गिरबटलं. टेबलावरच्या माणसाने वर बघून हात जोडले. पाहुणा ना मी.

पहिल्या दिवशी मला समजलं, एल्विनने बारा-पंधरा वर्षं काय ऐकलं असेल. समोरचे बचाव करणारे दोघे माझ्या दोन्ही बाजूंना उभे राहून माझ्याबद्दल बोलत होते. माझ्या अंगाबद्दल, ओठांबद्दल, माझ्या आईबद्दल. निवांतपणे, बाजारभाव बोलावेत तसे. त्यांचं एक वेळ सोडा. माझ्या संघातली मुलं, ज्यांच्यासोबत दोन वर्षं एका कागदावर वडापाव खाल्ला, तीही बोलायला लागली. कॅप्टन मला बघून म्हणाला, "ए काल्या, हिकडं बॉल." हसून दुसऱ्याला म्हणाला, "त्याला कुटं कलतंय." त्याला माहीत होतं मला कळतंय. पण मी मराठी न येणारा होतो ना. मग मनातलं बाहेर काढायला हरकत नव्हती. दोन वर्षं ते मनात होतं, हे मला त्या दिवशी समजलं.

सामना संपल्यावर एका म्हाताऱ्याने माझ्या हातात टेनिसचा बॉल दिला. मी टाकला. फुलटॉस पडला. म्हातारा म्हणाला, आता पहिल्यासारखे वेस्ट इंडिजवाले राहिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उपांत्य सामना. दोन गोल केले. दुसरा गोल मी आजही डोळे मिटून बघतो. डाव्या पायावर घेतला, दोघांच्या मधून, गोलकीपर हलला नाही. कर्ण्यावरून समालोचक ओरडत होता, वेस्ट इंडिज, वेस्ट इंडिज. मी मैदानाच्या मधोमध उभा, आणि ते दोन्ही गोल माझ्या नावावर नव्हते.

खेळ संपला आणि मुंबईच्या एका क्लबचा माणूस शेठकडे आला. नवे खेळाडू बघत फिरणारा. साधा पांढरा शर्ट, हातात वही. शेठनी मला शेजारी उभं केलं. त्या माणसाने मला खालीवर बघितलं. त्या बघण्यात हनुवटी धरणं नव्हतं, हे मला आठवतं. तो माझे पाय बघत होता. शेठना मराठीत म्हणाला, "छत्तीसचा म्हणता, पण वाटत नाही हो. काय वळतो. हा बावीस-तेवीसचा असता ना, तर आत्ता गाडीत घालून नेला असता."

मी बावीसचा होतो.

शेठनी माझ्याकडे एकदा बघितलं. एकदाच. मग म्हणाले, "काय करनार, नशीब एकेकाचं."

त्या माणसाने वही मिटली. माझा हात हातात घेऊन म्हणाला, वेल प्लेड. आणि मी म्हणालो, थँक यू. अंग जळत होतं आणि मी थँक यू म्हणालो. आयुष्यात मला खूप शिव्या बसल्यात. पण त्या थँक यूएवढी एकही झोंबली नाही. तो चालत गाडीपर्यंत गेला. शंभर पावलं असतील. शंभर पावलं माझं तोंड माझंच होतं. मी ते उघडलं नाही.

संध्याकाळी अम्माचा फोन आला. गोल केलास का? केले, दोन. ती म्हणाली, "कोनी बगितलान का?" मी फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंतिम सामना. चारी बाजूंनी माणसं. कागद टेबलावर होता. कॅप्टनने सही केली, मागोमाग सगळ्यांनी. माझी पाळी आली. मी पेन घेतलं आणि छापलेल्या नावावर आडवी रेघ मारली. वर माझं नाव लिहिलं. अब्बांचं नाव लिहिलं. गाव, मुरूड. मराठीत, सावकाश, शाळेत परीक्षेच्या पेपरवर लिहायचो तसं. अक्षर नीट आलं. टेबलावरच्या माणसाने न बघताच कागद समालोचकाकडे दिला.

संघ रांगेत उभा राहिला. कर्ण्यावर नावं सुरू झाली. सात नंबर. आठ नंबर. "आणि नऊ नंबर, ज्यांची आपण सगळे वाट बघताय..." मग त्याने माझं नाव वाचलं. अर्ध्यावर अडखळला, पण वाचलं. अब्बांचं वाचलं. "मुक्काम मुरूड," म्हणाला आणि कागद डोळ्यांजवळ धरला.

मग एकजण हसला. मग शिट्ट्या, शिव्या, सगळंच. आयोजक धावत आले, त्यांनी कागद बघितला, बॅनर बघितला, मला बघितलं. दहा मिनिटांत निकाल झाला. आमचा संघ बाद. समोरच्यांना न खेळता ढाल.

कॅप्टन माझ्या पायाशी थुंकला. शेठ आले. मला वाटलं मारतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर रागाआधी आश्चर्य होतं. खरंच आश्चर्य. बाकावरची फळी उठून बोलली असती तर असतं तेवढं.

"तुला काय कमी केलं रं मी?" ते म्हणाले.

"शेठ," मी म्हणालो, "मी बावीस वर्षांचा आहे."

ते म्हणाले, रायगडात तुला कोण खेळवतो बघतो. शर्ट काढून घेतला. मी उघड्या अंगाने तंबूपर्यंत गेलो, माझी पिशवी उचलली आणि एस.टी. स्टँडचा रस्ता धरला. वाटेत लोक बोलत होते. या वेळी माझ्याशी बोलत होते.

आता कुणी म्हणेल, मग तो मुंबईचा माणूस परत आला असेल. नाही आला. मी स्वतः त्यांच्या मैदानावर तीनदा गेलो. पहिल्यांदा थांबायला सांगितलं, दुसऱ्यांदा नंतर या म्हणाले. तिसऱ्यांदा एकाने तोंडावर सांगितलं, खोट्या नावाने खेळणारा तो तूच ना? होय, मीच. दोन सामने मी खोट्या नावाने खेळलो होतो. तिसऱ्या कागदावर काय लिहिलं, ते विचारायला कुणी थांबत नाही. पुढची दोन वर्षं मला एकाही संघाने घेतलं नाही. एल्विनचा पत्ता मी शोधला, सापडला नाही. त्याची माफी मागायची राहिली आहे आणि ती राहणार.

आज मी बत्तीसचा आहे. दिवसा मुरूडला टेम्पो चालवतो. खेळतो. हळूहळू संघ बोलवायला लागले, कारण गोल कुणालाही हवे असतात. बोलवणाऱ्याला मी आधीच सांगतो. मैदानात कुणी कुणाला काळ्या म्हणालं, कातकरड्या म्हणालं, कुणाची जात काढली, आई काढली, तर मी ऐकून न ऐकल्यासारखं करणार नाही. हसणार नाही. सौम्य करून सांगणार नाही. मग तो शब्द मला असो की समोरच्या संघातल्याला.

असा शब्द कानावर आला की मी चेंडू हाताने उचलतो. खेळ चालू असताना, गोलसमोर असलो तरी. पंच शिट्टी मारतो, फाऊल माझ्यावर देतो, पिवळं कार्ड दाखवतो. दुसऱ्यांदा लाल. नियम आहे, मला मान्य आहे. पाच संघांनी याच कारणाने मला काढलं. एकदा आमचाच कॅप्टन बोलला, मी आमच्याच हल्ल्यात चेंडू उचलला, सामना हरलो. मुलं महिनाभर बोलली नाहीत.

न बोलू देत. जो बोलला त्याने सगळ्यांसमोर शब्द परत घ्यायचा. तोवर चेंडू माझ्या काखेत राहील, आणि तो घ्यायला माझ्या अंगाला हात लावावा लागेल.