दीड ते अडीच

दुपारी दीड ते अडीच हा तास माझा होता. आंघोळ, मालिश, भरवणं, औषधं एवढं उरकलं की यांचा डोळा लागायचा. लकवा होऊन दीड वर्ष झालं होतं. उजवा हात गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणायचे, डाव्या हाताला सवय लावा. मी चमचा दिला, खडू दिला, रबरी चेंडू दिला. पालथ्या घड्यावर पाणी. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस. डाव्या हाताने काही धरायची त्यांना लाज वाटायची.

मी दमले होते. झोपेने जाणारा थकवा नव्हता तो. म्हणून एका दुपारी झोपायचं सोडून मी यांची रंगपेटी उघडली. मला तापी काढायची होती. माझं माहेर तापीपलीकडचं. सारंगखेड्याच्या पुलावरून एसटीच्या खिडकीतून दिसायची, तेवढीच. या आजारपणात तिकडे जाणं झालंच नव्हतं.

पेटीत एकच रंग ओला होता, काळपट तपकिरी. बाकीच्या नळ्यांचा दगड झालेला. ब्रशही एकच धड, बाकीचे कसरीने खाल्लेले. हे मुलांना जे शिकवायचे ते ऐकून ऐकून मला पाठ होतं: रंग एकच घ्या, लांबचं फिकट, जवळचं गडद. नदी रंगवू नका, काठ रंगवा, मधला कागद कोरा ठेवा. ऐकायला सोपं. माझा पलीकडचा काठ अलीकडच्याइतकाच काळा व्हायचा आणि दोघं मिळून नदी गिळायचे. चार दिवस हेच. तरी मला आवडत होतं, कारण त्या तासात मला कोणी हाक मारत नव्हतं.

पाचव्या दिवशी खाटेवरून आवाज आला.

"पानी बदल. गढूळ व्हयनं."

हे जागे होते. किती दिवस जागे राहून बघत होते, देव जाणे.

"नळ परवा येई," मी म्हणाले. "मी नही फेकसू."

ब्रशचं पाणी पार काळं झाल्याशिवाय मी कधी ओतलं नाही, आणि ओतलं तेही कढीपत्त्याच्या बुंध्याशी. आता तर रागच आला. नवा कागद घेतला आणि रंगाला न शिवता, नुसत्या त्या गढूळ पाण्याने पलीकडचा काठ ओढला. तो इतका फिकट उमटला की खरंच लांब गेला. सकाळच्या धुक्यात पुलावरून दिसायचा तसा.

यांनी मानेनेच कागद जवळ मागितला.

"आठे आण," म्हणाले. "पुढला काठ मी करसू."

डाव्या मुठीत पळी धरावी तसा ब्रश धरला. काठ वाकडा आला, दोन थेंब नदीत पडले. पण गडद मात्र जिथे हवा तिथेच.

दीड वर्ष मी हेच मागत होते. आणि ते समोर घडताना माझ्या मनात पहिलं काय आलं? आयत्या बिळावर नागोबा. माझा तास गेला. मला रडू आलं. आनंदाने आलं असं मी शेजारणीला सांगितलं, पण ते तितकंसं खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता हे टक्क जागे. डावा हात पांघरुणाबाहेर काढून तयार. मी कालचंच पाणी खाटेशी नेलं, कागद लावला आणि ब्रश त्यांच्या मुठीत दिला.

पेटीत दुसरा धड ब्रश नव्हता.