नरसाळ्याखालचा डबा

धुलाईघरात सगळे तिला चादरवाली म्हणत. दवाखान्यांच्या आणि लॉजच्या धुतलेल्या चादरींची गाठोडी व्हॅनमध्ये चढवायची, पोचवायची आणि मळकी घेऊन परत यायचं, हे तिचं काम. गाठोडं स्वतः उचलायची. कुणी मदतीला पुढे आलं तर म्हणायची, "चढवलंस तर उतरवायलाही यावं लागेल, मग बघ." पुढे आलेला मागे जायचा.

व्हॅन तिच्या मालकीची. नवरा एका वर्कशॉपमध्ये फिटर होता. उजव्या हातातलं बळ गेलं तेव्हा तो खुर्चीत बसला आणि ती स्टिअरिंगवर. गाडी त्यानंच शिकवली, शेजारच्या सीटवर बसून, ओरडून. ती शिकली, पण ओरडणं त्यानं सोडलं नाही.

त्या सकाळी ऑइल बदलायचं होतं. तिनं घराला लागून असलेल्या शेडचं शटर वर ढकललं. ते सवयीनं किंचाळलं. आतल्या फळीवर इंजिन ऑइलचे डबे होते, फिटरनं हात चालत असताना आणून ठेवलेले. सीलबंद. ती एकेक पुसून बाहेर मांडत होती, तेवढ्यात दीर आला. त्याचं चढावरच्या चौकात रंगाचं दुकान होतं आणि या शेडवर त्याचा बरेच दिवस डोळा होता.

"वहिनी, हे गाडीत घालणार?"

"नाही भावोजी, केसांना लावणार."

त्यानं डबा फिरवून तारीख वाचली. "अहो, हा भरला तेव्हा माझे सगळे केस काळे होते."

"निदान केस होते तरी."

तो हसला नाही. डबा खाली ठेवून म्हणाला, "स्पष्ट बोलतो. असलं जुनं ऑइल घातलंत तर इंजिन जाम होणार. मग गाडी भंगारात. त्यापेक्षा आत्ताच काढून टाका. किती दिवस गाठोडी वाहणार? दादाजवळ कुणीतरी बसायला हवंच. शेड मला द्या, माझे रंगाचे ड्रम उघड्यावर पडलेत."

चादरवालीनं हातातलं फडकं पिळलं. फडकं कोरडंच होतं.

"इंजिन जाम झालं तर किल्ली तुमच्या हातात देईन. शेडही तुमची, मीही घरी बसेन. पण पुढच्या ऑइल बदलापर्यंत गाडी चालली, तर या शेडचं नाव पुन्हा तोंडातून काढायचं नाही."

"शब्द?"

"यांच्यासमोर देते."

शेडजवळच्या खुर्चीतून फिटर म्हणाला, "मला कुणी विचारणार आहे का?"

"तुम्ही साक्षीदार. साक्षीदाराला विचारत नाहीत, नुसतं ऐकवतात."

दीर गेला. ती एक डबा पिशवीत घालून मेकॅनिककडे गेली. तिला नवा फिल्टरही घ्यायचा होता. मेकॅनिकनं झाकणाची कडी बघितली, डबा उन्हात धरला, कानाशी हलवला.

"सील शाबूत आहे. कुठे ठेवला होता?"

"सावलीत. फळीवर."

"मग चालूही शकेल. तारीख उलटल्यावर खात्री कुणीच देत नाही. ऑइलात मिसळलेली औषधं तळाला बसतात, घालण्याआधी चांगला घुसळा. नव्या गाडीत मी हे घातलं नसतं, त्या इंजिनांना वेगळं लागतं. तुमची गाडी याच्याच वयाची. पण उघडा डबा असेल तर मोह धरू नका. आणि पहिले काही दिवस ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी रोज बघा." मग हात पुसत म्हणाला, "मी मात्र घालणार नाही. उद्या काही झालं तर तुम्ही माझ्या दारात उभ्या."

"मी कुणाच्या दारात उभी राहत नाही. फिल्टर दे."

घरी येऊन तिनं सगळे डबे तपासले. एकाच्या झाकणाची कडी तुटलेली निघाली. तो बाजूला. उरलेल्यांत गाडीची गरज जेमतेम भागत होती. ती सील फोडणार, तेवढ्यात फिटर ओरडला, "थांब. आधी उघडा डबा संपवायचा. वर्कशॉपचा नियम आहे."

उघडा डबा म्हणजे नरसाळ्याखालचा डबा. वर्कशॉपमध्ये रिकामा डबा कुणी तसाच फेकत नसे. ऑइल ओतून झालं तरी आत चिकटलेलं उरतंच. तो डबा नरसाळ्यावर उपडा घालायचा आणि निथळू द्यायचा. ही सवय फिटरनं घरी आणली होती. शेडच्या कोपऱ्यात मोठा डबा, तोंडात कायमचं नरसाळं, नरसाळ्यावर कुठलातरी उपडा डबा. उजवा हात गेल्यावरही तो डाव्या हातानं डबे उपडे घालत होता. थेंबाथेंबानं तो मोठा डबा काठोकाठ भरला होता. त्याला तो अर्क म्हणायचा.

"मेकॅनिक म्हणाला, उघडं घालू नका."

"तो पाना धरायला माझ्याकडे शिकला. पत्रा तापव. गरम पत्र्यावर थेंब टाक, पाणी असेल तर तडतडेल. माझ्या अर्कात पाणी निघालं तर नाव बदलेन."

तिनं चूल पेटवून वर लोखंडी पत्रा ठेवला. फिटरची खुर्ची वाऱ्याच्या उलट्या बाजूला ओढली. आधी सीलबंद डब्यातला थेंब टाकला. थेंब पसरला, बारीक धूर निघाला, आवाज नाही. फिटरनं मान डोलावली. मग तिनं मोठ्या डब्यात काडी बुडवली आणि थेंब टाकला.

पत्रा तडतडला.

"पत्रा ओला असेल."

तिनं पत्रा पुसला, पुन्हा चांगला तापू दिला, पुन्हा थेंब टाकला. पुन्हा तडतड. मग तिनं थोडं ऑइल काचेच्या बाटलीत घेऊन त्याच्यासमोर उन्हात धरलं. ते इतकं गढूळ होतं की पलीकडची तिची बोटंसुद्धा दिसत नव्हती.

फिटरनं डाव्या हातानं बाटली घेतली. "एवढी वर्षं जमवलं," तो म्हणाला. "एक थेंब वाया घालवला नाही. माझं आहे म्हणून घाल. नाहीतर माझ्या हातचं काही उरलंच नाही या गाडीत."

इथे तिला गप्प बसणं सोपं गेलं असतं. अर्धा डबा घातला असता तर त्याचं मन राहिलं असतं. पण चढावर दुकानात एक माणूस किल्लीची वाट बघत होता.

"मेहनत केलीत, नाही कुठे म्हणते? झाकण लावलं नाहीत. नरसाळ्यातून थेंब जातो तशी ओलही जाते. आणि गिअर ऑइलचे डबेही यातच उपडे घातलेत, मी बघितलंय. हे इंजिनात जाणार नाही. भावोजींचं ऐकलं नाही, तुमचंही ऐकणार नाही."

"मग फेक."

"फेकणारही नाही. गप्प बसा."

ती गाडीखाली सरकली. खालचा नट सोडला, जुनं ऑइल परातीत उतरू दिलं, फिल्टर बदलला, नट आवळला. सीलबंद डबे एकेक घुसळून ओतले. पट्टी बघितली, पुसली, पुन्हा बघितली. किल्ली फिरवली. ऑइलचा लाल दिवा लागला आणि विझला.

"आवाज ऐका," ती म्हणाली.

फिटरला रागावून राहायचं होतं, पण कान ऐकेनात. "ठीक आहे," तो म्हणाला. "पहिल्या गिअरवर फार ओढू नकोस."

ती गाठोडी भरून निघाली. चढावर दीर दुकानाच्या पायरीवर उभा होता. तिनं हॉर्न दिला, लांब. त्या दिवसांत ती प्रत्येक थांब्यावर इंजिन बंद करून पट्टी बघायची. लॉजचा रखवालदार म्हणाला, "बाई, गाडीला ताप आलाय का?" ती म्हणाली, "गाडीला नाही. एका दुकानदाराला." चढावर प्रत्येक वेळी तिचा कान इंजिनाकडे आणि डोळा लाल दिव्याकडे असायचा. दिवा लागला नाही.

पुढच्या बदलाच्या दिवशी दीर स्वतः हजर झाला. तिनं त्याच्यासमोर नट सोडला. ऑइल काळं उतरलं, जसं उतरायला हवं. तिनं ते फडक्यावर घेऊन त्याच्या नाकापुढे धरलं. धातूचा एक कण नव्हता.

"नशीब चांगलं तुमचं, वहिनी."

"नशीब कसलं? झाकण घट्ट होतं." तिनं बाजूला ठेवलेला नवा डबा उघडला. जुने सीलबंद संपले होते.

शेडच्या दाराबाहेर फिटर खुर्ची ओढून बसला होता. डाव्या हातात ब्रश, पायाशी नरसाळ्याखालचा डबा. तो शटरच्या बाजूच्या पट्ट्यांना अर्क लावत होता, तिनं पहिल्याच आठवड्यात त्याला नेमून दिलेलं काम. घरातली एकही बिजागरी आता बोलत नव्हती. डब्यावर नरसाळं नव्हतं, झाकण होतं.

काम उरकल्यावर तिनं शटर एका हातानं खाली ओढलं. ते निमूट खाली आलं. तिनं कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

दीरानं कुलूप ओढून बघितलं. मग म्हणाला, "माझ्या दुकानाचं शटरही अडतंय हल्ली. थोडं मिळेल का?"

"यांचं आहे, यांना विचारा."

फिटरनं ब्रश निथळू दिला, थेंब डब्यात पडेपर्यंत. "डबा घेऊन ये," तो म्हणाला. "झाकणासकट."