चावीची आगगाडी
लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, तेलाचा वास आला की मला खारबावच्या घरातली पत्र्याची, चावीची आगगाडी आठवते. माझ्या जन्माआधीच, तिसऱ्या वर्षी गेलेल्या भावाची ती गाडी. शुक्रवारी लूमला सुट्टी असली की बाबा तिच्या चाकांना लूमचंच तेल घालायचे, आई ती पदराने पुसून पेटीत ठेवायची. एकदा जुनी खेळणी जमवणारे एक ओळखीचे गृहस्थ आले, तेव्हा मी कौतुकाने ती त्यांना दाखवली. भाऊ कोणत्या साली गेला तेही सांगितलं. त्यांनी गाडी उलटी करून डबे जोडायचा हुक निरखला. "तेव्हा हे हुक पत्र्याचे असायचे. हा प्लास्टिकचा आहे, म्हणजे गाडी नंतरची." बाबांची मान खाली गेली. आईला म्हणाले, "त्याची कुठं गावंना, तू झुरत होतीस. म्हणून दुसरी आणली, माळ्यावर गावली म्हणून सांगितलं." आई हळूच म्हणाली, "ठावं हाय मला. त्याची गाडी तर त्याला पुरताना मीच उशाशी ठेवली. तुमी एवढ्या मायेनं आणलीत, मग कशी बोलू?" आता दोघंही नाहीत. शुक्रवारी तेल मी घालते, माझा भाऊ जिच्याशी कधी खेळलाच नाही त्या गाडीला.