मोकळीक दिली, पण खडूच्या फुल्यांवर

मंडळी, आज सकाळी लातूरच्या आमच्या नाट्यवर्गात मी मोठ्या मनानं जाहीर केलं, "आज दिग्दर्शक सुट्टीवर. प्रसंग तोच, पण कसा करायचा ते तुम्ही ठरवा. चुकलं तरी चालेल."

पोरं खूश. कुणी रडका संवाद हसत म्हटला, कुणी कुजबुजत. पण जागचं एकही हललं नाही. कुणी कुठं उभं राहायचं, याच्या फुल्या मी पहिल्याच तालमीत खडूनं फरशीवर काढल्या होत्या. सगळे प्रयोग त्या फुल्यांवर उभं राहूनच चालले होते.

मी वैतागलो. "अरे, पाय चिकटले का तुमचे?"

आमच्या एकांकिकेत आईचं काम करणारी निलंग्याची सारिका गुपचूप उठली, ओलं फडकं घेऊन आली आणि आपली फुली पुसायला लागली.

"ए बाई! स्पर्धा चार दिवसांवर हाय. पुसलीस तर काम काढून घेईन!"

हे मीच बोललो. मोकळीक देऊन दहा मिनिटंही झाली नव्हती.

"सर, चुकलं तरी चालंल म्हणलात की," ती म्हणाली.

तिनं फडकं खाली ठेवलं आणि अर्ध्या पुसलेल्या फुलीवर जाऊन उभी राहिली. मी खिशातून खडू काढला, वाकलो आणि तिच्या पायाशी ती फुली पूर्ण केली.

मग तालीम अगदी बिनचूक झाली.

उद्या अकराला पुन्हा तालीम आहे. शिकवणाऱ्यांनो, खरं सांगा, तुम्ही तुमचा खडू कुठं टाकलात? माझा अजून खिशातच आहे.