ताटाखाली झाकलेला डाव

गेल्या रविवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांच्या आत, भंडाऱ्यातल्या एका मंगल कार्यालयात, आमचा अर्धा झालेला अष्टचंगचा डाव कचऱ्याच्या ड्रममध्ये गेला. वेळ मला नक्की माहीत आहे. जेवून परत आल्याबरोबर मी घड्याळात पाहिलं होतं... जेवणाची सुट्टी अजून संपलेलीही नव्हती.

काही हौशी तरुण मंडळींनी तिथे बोर्ड गेम्सचं संमेलन भरवलं होतं. 'आपला गेम घेऊन या, टेबल आम्ही देऊ' असं पोस्टरवर लिहिलं होतं. म्हणून मी, कुसुम आणि शोभा, तिघींनी रीतसर नावं नोंदवली आणि गेलो.

सगळीकडे ड्रॅगन, जहाजं, बोटभर उंचीचे प्लास्टिकचे सैनिक... एकेका खेळाचे नियम समजायला वेगळं बी.एड. करावं लागेल. आम्हाला कोपऱ्यातलं टेबल मिळालं. वर पंगतीला अंथरतात तो पांढरा कागद होता, त्यावरच मी स्केचपेननं पट आखला. सोंगट्या म्हणजे बांगड्यांचे तुकडे आणि फाशांऐवजी एका बाजूनं घासलेले चिंचोके.

हा खेळ आम्ही जवाहरनगरच्या क्वार्टर्समध्ये वर्षानुवर्षं खेळलो. तिघींचे नवरे फॅक्टरीत. मी शाळेत शिकवून घरी आले की कुसुमच्या ओट्यावर डाव मांडायचा आणि फॅक्टरीची बस दिसली की थांबायचा.

थांबायचा, मोडायचा नाही. वर सूप पालथं घालायचं आणि आपापल्या घरी चहा टाकायला पळायचं. दुसऱ्या दिवशी सूप उचललं की सोंगट्या जिथल्या तिथे... क्वार्टरमधलं एकही पोर कधी त्या सुपाला हात लावत नसे.

आणि कोणी माहेरी निघाली, तर तिच्या जाण्याआधी डाव मुद्दाम अर्धा ठेवायचा. म्हणजे तिला परत यावंच लागतं. हा नियम कुसुमनंच केला होता.

आता कुसुम चाललीय. माहेरी नाही, बंगळूरला, मुलाकडे... कायमची. इथलं शहापूरचं घर विकलं, भांडी वाटून झाली. येत्या शनिवारी संध्याकाळची गाडी आहे.

तर रविवारी जेवायची हाक आली तेव्हा डाव रंगात होता. जुन्या सवयीनं मी शोभाच्या चिवड्याचं रिकामं ताट घेतलं आणि पटावर पालथं घातलं. पट बरोबर ताटाखाली मावेल एवढाच आखला होता. मग निवांत जेवायला गेलो.

परत आलो तर टेबल लख्ख. गळ्यात बिल्ला घातलेली एक मुलगी दुसऱ्या टेबलाचा कागद गुंडाळत होती. आमचा गुंडाळून झाला होता... सोंगट्या, चिंचोके, सगळ्यासकट. ताट घासायला गेलं होतं.

"आजी, मला वाटलं खरकटं आहे," ती म्हणाली.

"खरकट्यावर ताट पालथं घालतात, हे कोणत्या घरात पाहिलंस?"

मग आयोजकांपैकी एक जण आला. मोठ्या समजूतदारपणे म्हणाला, "मॅडम, नवीन मांडून घ्या ना, पाच मिनिटांचं तर काम आहे. आणि आमच्याकडून एक गेम तुम्हाला कॉम्प्लिमेंटरी."

मी म्हटलं, "बाळा, तुझ्या आईचा अर्धा विणलेला स्वेटर कोणी उसवला, तर तिला दुकानातले मोजे देऊन गप्प बसवशील का?"

"जाऊ दे वं मॅडम," कुसुम माझा हात ओढत म्हणाली. "काहून त्या लेकरांले भेवाडून राहिली? तुले कॉन्व्हेंटमधी हेच शिकवलं का?"

नन्सनी मला चूक केली की समोरच्याच्या डोळ्यात बघून सॉरी म्हणायला शिकवलं होतं. ते तिथे कोणालाच येत नव्हतं.

परतताना ऑटोत वाद सुरू झाला. कुसुम म्हणे तिच्या तीन सोंगट्या घरात गेल्या होत्या. मी म्हटलं दोनच, तिसरी मी मारली होती.

"खोटारडी मास्तरीण," कुसुम म्हणाली.

"तुम्ही भांडा," शोभा म्हणाली. "माह्या सोंगट्या कुठं होत्या ते तर दोघींलेही आठवत नाही."

आम्ही हसलो. मग कुसुम बाहेर धानाच्या बांध्यांकडे बघू लागली. हळूच म्हणाली, "तिकडं कोण खेळन वं माह्यासंगं?"

 

तेवढ्यात शोभाला आठवलं. ताट झाकायच्या आधी एका कॅमेरावाल्या मुलीनं आमच्या टेबलाचा वरून फोटो काढला होता. कुसुम लगेच सरळ बसली.

"फोटो भेटला तर मांडून ठेव," मला म्हणाली. "मी येतो आन् तुले हरवतो."

तेव्हा आयोजकहो, ही पोस्ट तुमच्यासाठी आहे. मला माफी नको, ड्रॅगनचा खेळ तर मुळीच नको. मला तो फोटो हवा आहे, आमच्या तिघींच्या सोंगट्या वेगवेगळ्या दिसतील इतका स्वच्छ.

तुमच्या पेजवर मी दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा तुम्ही अंगठा दाखवला. अंगठा म्हणजे उत्तर नव्हे. फोटो आहे की नाही, हे येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी कळवा... शनिवारी कुसुम गाडीत बसायच्या आधी तो डाव तिच्या डोळ्यांदेखत, अर्धाच मांडून ठेवायचा आहे.