बिरूची हाळी

लोणी भापकरच्या महिपती आबांनी सातवीनंतर शाळा सोडली, पण शाळेच्या संमेलनाचं नाटक मात्र गेली अठरा वर्षं त्यांच्याच हातचं. सकाळी वांग्यांची तोडणी, दुपारी बांधावर वही. गावात लेखक म्हणून मान होता आणि आबांना तो गोड लागायचा.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी नाटकात सैतान आणला. जुन्या माणसांच्या गोष्टींतल्या सैतानाला ना तोंड होतं ना आवाज. तो नुसता ओढ्यापलीकडं असायचा. आबांनी त्याला शिंगं लावून पाहिली. तालमीत पोरं हसली. मग एका दुपारी ओढ्याच्या कडेनं गावचा मेंढपाळ बिरू मेंढरं घेऊन चालला होता. खांद्यावर काळं घोंगडं, एक पाय ओढत चालणं, आणि जीभ टाळ्याला लावून दिलेली लांब, थरथरती हाळी. आबांनी ती तिन्ही उचलली आणि सैतानाला दिली.

नाटक गाजलं. पिंपळी गावची मंडळी वही मागून घेऊन गेली. पुढं दोन वर्षं तोच सैतान पुन्हा आला.

यंदा दिवाळीनंतर नात श्रेया पळत घरात आली आणि तिनं कडी लावली.

"आबा, तुमचा सैतान आलाय."

आबांनी दार उघडलं. रस्त्यानं बिरू चालला होता. पुढच्या मेंढीच्या गळ्यात घंटी होती.

"अगं, बिरू हाय तो. आज हाळी कशी न्हाय दिली त्यानं?"

"आता न्हाय देत. दिली की पोरं दगडं मारत्यात. म्हणून तर मेंढीला घंटी बांधलीय."

आबा उंबऱ्यावरच बसले. तीन दिवस त्यांनी वहीला हात लावला नाही. चौथ्या दिवशी ते बिरूच्या घरापुढच्या लिंबाखाली गेले.

"या लेखकराव," बिरू म्हणाला. "सैतानाघरचा चहा चालंल का?"

"बिरू, तुला ठावं व्हतं?"

"पयल्या रांगंत बसलो व्हतो की. म्हणलं, आबांनी आपली आठवण ठिवली. मी बी लई हसलो."

"मग मला सांगायचंस तरी."

"काय सांगू? सैतानच म्हणाया लागला मी सैतान न्हाय, तर ऐकतंय कोण?"

आबांची मान खाली गेली. "यंदा बदलतो. सैतानाला माझा सदरा देतो, माझा चष्मा देतो."

"पोरं न्हाय भ्यायची. तुमाला समदी वळखत्यात." बिरूनं चहा पुढं सरकवला. "मला बी वळखत व्हती."

चहा गार झाला. आबा म्हणाले, "एकदा हाळी दे. माझ्यासाठी."

बिरूनं जीभ टाळ्याला लावली. तेवढ्यात शाळा सुटली, रस्त्यावर पोरांचा गलका आला. बिरूनं तोंड मिटलं आणि घंटीची मेंढी पुढं हाकली. बाकीची मेंढरं मुकाट तिच्यामागं गेली.

आबा रस्त्यावर जाऊन पोरांपुढं उभे राहिले. त्यांनी ती हाळी स्वतः दिली. फाटकी, अर्धवट. पोरं आधी दचकली, मग हसली.

"ही हाळी बिरूची हाय," आबा म्हणाले. "तो मेंढरांना बोलवायचा. मी चोरून सैतानाला दिली. चूक माझी."

श्रेया पोरांतून पुढं आली. तिनं आबांचं बोट धरलं.

"मग सैतान कसा वरडतो, आबा?"

अठरा नाटकं लिहिलेल्या आबांना ते सांगता आलं नाही. ओढ्याकडं घंटी वाजत दूर चालली होती.